केक एगलेस, पण घर कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाने विहारात रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली, पण बोटाला सुई टोचायचं काम अजून माझ्याकडेच येतं. रांगेत वस्तीतली एक मुलगी उभी होती. मुलगी म्हणते, पण ती ३१ वर्षांची, दोन लेकरांची आई. वस्तीत तिला 'केकवाली' म्हणूनच ओळखतात. कुणाचा वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो की १४ एप्रिल, केक तिच्याच घरून जातो. तिचं नाव लिहीत नाही, तिनेच नको म्हटलं.

तिचं हिमोग्लोबिन आलं ८.४. गरोदर नसलेल्या बाईला ते किमान १२ हवं. बरोबर धाकटी होती, चार वर्षांची. तिला काट्यावर उभी केली तर १२ किलो. अंगणवाडीच्या तक्त्यात ती हिरव्यातून पिवळ्यात सरकलेली होती.

मी नेहमीचे प्रश्न विचारायला लागले. पाळी किती दिवस जाते, जंताची गोळी कधी घेतलीस, जेवणात काय असतं. भाजी, चपाती, वरण, भात. "आणि अंडी?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "ताई, वर्ष झालं, घरात अंडं आणत नाही. सुकट, मटणसुद्धा आईकडे गेलो तरच. केकच्या ऑर्डर जातात ना."

केकवालीच्या घरात अंडं नाही, हे ऐकून रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. मग तिने सगळं सांगितलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिने बेकिंगचा क्लास केला. नवरा रिक्षा चालवतो, त्याची कमाई एक दिवस आहे, एक दिवस नाही. ओटीजी हप्त्यावर घेतला. साचे, टर्नटेबल, क्रीमची नोझलं हळूहळू जमवली. सुरुवातीला अंड्याचा स्पंज करायची आणि तिचा हात छान बसला होता. फोनवर केकचे फोटो टाकायला लागली तशा पलीकडच्या सोसायट्यांमधून ऑर्डर येऊ लागल्या. तिथल्या एका बाईंनी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला दोन किलोचा केक सांगितला. एगलेस हवा म्हणाल्या. हिने सामान तसंच आणलं. आदल्या दिवशी दुपारी फोन आला, "तुमच्या घरात अंडं वगैरे शिजत नाही ना? भांडी वेगळी आहेत ना? आणि तुम्ही राहता नक्की कुठे?" हिने खरं ते सांगितलं. वस्तीचं नावही सांगितलं. तासाभरात मेसेज आला की ऑर्डर रद्द करा, घरच्यांना चालणार नाही. तोवर स्पंज भाजून झाला होता. तो केक तिने वस्तीतल्या पोरांना वाटला. मीही एक तुकडा खाल्ला होता, आणि आज कसला आनंद म्हणून चेष्टाही केली होती. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर तिने जाहिरातीत लिहिलं, '१०० टक्के एगलेस, प्युअर व्हेज किचन'. खोटं लिहायचा तिचा स्वभाव नाही, म्हणून तिने घरच तसं करून टाकलं. दहा बाय बाराची खोली, एक ओटा, एक मोरी, एक फ्रिज. त्यात केकचं स्वयंपाकघर वेगळं आणि लेकरांचं वेगळं कुठून असणार? म्हणजे गिऱ्हाइकाची अट केकला लागली ती सगळ्या घराला लागली. थोरल्याला शाळेत जाताना रोज उकडलेलं अंडं मिळायचं, ते थांबलं. धाकटीला अंड्याची चव आता आठवतही नसेल.

त्या जागी काय आलं तेही ऐका. केकचा थर सपाट करायला वरचा फुगीर भाग कापून टाकावा लागतो. ते काप, भांड्याला चिकटलेलं क्रीम, चॉकलेटचे तुकडे, हे दिवसभर लेकरांच्या हाताशी. टाकवत नाही, म्हणून तीच देते. जेवायच्या वेळी धाकटीला भूक नसते. ताटातून अंडं गेलं, सुकट गेली, मटण गेलं, आणि पोट भरायला मैदा-साखर आली. अशा पोरीचं वजन वाढेल कसं?

माझं म्हणणं एवढंच आहे की केक एगलेस विकायचा तर खुशाल विकावा, पण त्यासाठी घर एगलेस करू नये.

पाव-बिस्किट आणि बाटणं यांचं नातं आपल्या महाराष्ट्रात जुनं आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायचा म्हणून सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती बेकरीवाल्याने भाजलेला पाव खावा लागे, आणि ते सगळं चाले गुपचूप. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहा-बिस्किटाला गेली, तर त्यावरून ग्रामण्य झालं. न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही त्यात होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि काहींना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका बिस्किटापायी! तेव्हा प्रश्न असायचा की हे कुणी भाजलं. आज तसं उघड विचारता येत नाही, म्हणून विचारतात, "किचन प्युअर व्हेज आहे ना?" प्रत्येक विचारणारा वाईट हेतूनेच विचारतो असं मी म्हणत नाही. पण त्या बाईंनी शेवटचा प्रश्न पत्त्याचा का विचारला, हे तुम्हा-आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

अंड्याचा हा प्रश्न केकपुरता राहिलेलाही नाही. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला आणि अंडं द्यायचंच तर लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितलं. ज्यांच्या घरात रोज अंडं शिजतं त्यांच्या मुलांचं यात काही बिघडलं नाही. आमच्या केकवालीच्या थोरल्याचं मात्र शाळेतलंही गेलं आणि घरातलंही गेलं.

आता आरोग्याचं बोलू, कारण हे पान त्यासाठी आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ती उत्तम प्रतीची. पिवळ्या बलकात जीवनसत्त्व अ आणि बी-१२ असतं. इतक्या कमी पैशात आणि इतक्या कमी खटपटीत मुलाच्या पोटात एवढं देणारा दुसरा पदार्थ मला तरी माहीत नाही. डाळी-कडधान्यांची बरोबरी होते, पण चार वर्षांचं लेकरू वाटीभर उसळ खातं का, हे आईलाच विचारा. तिच्या स्वतःच्या रक्ताबद्दल म्हणाल तर नुसत्या अंड्याने हिमोग्लोबिन चढत नाही. त्याला लोह लागतं. मटण, कलेजी, सुकट यांतलं लोह अंगाला पटकन लागतं, पालेभाजीतलं कमी लागतं. आणि तिने नेमकं तेच घरातून काढलं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. शंभरातल्या सत्तावन्न! अशा देशात बायकांच्या ताटातून काही काढायचं असेल तर दहादा विचार करून काढावं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. केकमध्ये अंडं घातलं म्हणून केक काही औषध होत नाही. तीन अंड्यांच्या केकचे दहा तुकडे केले तर एका तुकड्यात अंड्याची प्रथिनं दोन ग्रॅमसुद्धा येत नाहीत. केक गोड खाऊच आहे, सणावारी खायचा. माझं भांडण केकमधल्या अंड्यासाठी नाही, फ्रिजमधल्या अंड्यासाठी आहे.

पण 'एगलेस म्हणजे तब्येतीला चांगला' हा जो समज पसरलाय, तोही खरा नाही. अंडं केकमध्ये दोन कामं करतं. ते पीठ बांधून ठेवतं, आणि फेटलं की हवा धरून केक हलका करतं. ते काढलं की त्याचं काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावं लागतं. मग दही येतं, व्हिनेगर येतं, जास्तीचा सोडा येतो, नाहीतर कंडेन्स्ड मिल्कचा डबा येतो. त्या डब्यात निम्म्याहून जास्त साखर असते. ऑर्डरवाल्या बहुतेक जणी तर तयार प्रीमिक्स वापरतात, त्यात पाणी आणि तेल घातलं की झालं. त्या पुड्यावरचं बारीक अक्षर एकदा वाचा. पहिली दोन नावं मैदा आणि साखर हीच असतात. वरचं पांढरंशुभ्र क्रीमही बहुतेक वेळा दुधाचं नसतंच. वनस्पती तेल घट्ट करून, साखर घालून ते केलेलं असतं. ट्रान्स फॅटवर आता कायद्याने मर्यादा आहे, जानेवारी २०२२ पासून २ टक्के. तरी साखर आणि घट्ट चरबी राहतेच. फ्रिजबाहेर तासन् तास न वितळणारं क्रीम कशाचं असेल, याचा आपणच अंदाज करावा.

माझ्या घरीही हे वेड आलंय. मुलगी बारावीला आहे. अभ्यासाचा कंटाळा आला की ती ओव्हन लावते, कधी कुकीज, कधी ब्रेड. ब्रेडचा पहिला लादा असा झाला होता की तिच्या वडिलांनी दाराला टेकू लावायला मागितला. यीस्ट टाकलेलं पाणी कडकडीत होतं, सगळं यीस्ट मेलं. आता कोमट पाण्यात भिजवते, निम्मी कणीक निम्मा मैदा घेते, चांगला फुगतो. घरच्या ब्रेडची एक गोष्ट मला आवडते, त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं. बाजारातला 'ब्राउन' ब्रेड कित्येकदा मैद्याचाच असतो, रंग फक्त वरून दिलेला.

घरात सासूबाई आहेत, त्यांना १४ वर्षांपासून साखर आहे. नातीने कुकीज केल्या की त्या म्हणतात, "बाहेरचं नाही ना, घरचंच आहे." आणि तीन-चार कुकीज चहाबरोबर जातात. मागच्या दिवाळीत जेवणानंतरची साखर २८० निघाली. मी नर्स असून माझ्या घरात ही तऱ्हा. घरचं म्हणून साखर कमी लागत नाही, घरची साखरही साखरच. गूळ घातला तरी तेच. आता कुकीज झाल्या की सासूबाईंची एक बशीत काढून ठेवतो आणि डबा नातीच्या कपाटात जातो. त्यावरून रुसवा होतो, पण चालतं.

आमच्या लहानपणी हे असलं काही घरात नव्हतं. दिवाळीआधी आई मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर घेऊन जायची. आम्ही भावंडं रांगेत बसायचो. तिथला माणूस पीठ मळून, गोळे करून पत्र्यावर मांडायचा, आणि गरम नानकटाईचा डबा उराशी धरून आम्ही परत यायचो. बेकरीवाले मुसलमान होते. आमचा डबा कुणी लांबून घेतला नाही की लांबून दिला नाही. त्या डालड्याने आमच्या रक्तवाहिन्यांचं काय केलं असेल ते असो, पण त्या भट्टीवर जात कुणी विचारली नाही, हे मला अजून आठवतं.

१४ एप्रिलच्या केकबद्दलही लिहायला हवं. रात्री बाराला भलामोठा केक कापायची पद्धत आता गल्लोगल्ली आहे. मी त्यावर डोळे वटारणाऱ्यांपैकी नाही. पोरांना आनंद होतो. फक्त एवढं लक्षात असू द्या की बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता आणि त्याने त्यांना शेवटच्या वर्षांत फार त्रास दिला. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्यांचं पथ्यपाणी त्याच बघत. त्या रात्री आपल्या वस्तीतले साखरेचे पेशंट दोन-दोन तुकडे खातात आणि पंधरवड्याने पाय सुजले म्हणून माझ्याकडे येतात. मोठा केक करा, पण तुकडे लहान कापा.

घरी केक करायचा असेल तर आमचं माप देते. कणीक १२५ ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, तीन अंडी, पाव वाटी तेल, पाव वाटी दूध, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, वेलदोडा. अंडी आणि साखर भरपूर फेटायची, त्यावरच सगळं आहे. १७० अंशावर अर्धा तास. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात तळाला मीठ पसरून, वर ताटली ठेवून, मंद गॅसवर पाऊण तास. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढा. यात चूक करून भाजलेल्या बाया मी वॉर्डात पाहिल्यात. कच्च्या अंड्याचं फेटलेलं मिश्रण पोरांना चाटायला देऊ नका, आणि अंडं फोडलं की हात साबणाने धुवा. दहा तुकडे केले तर एकात आठ ग्रॅम साखर येते. आणि भांडी घासायला घरातल्या मुलग्यांना लावा. केक खायला सगळे आणि साचा खरवडायला आई, हे आमच्या घरात मी चालू दिलं नाही.

माझं ऐकून मंडळातल्या एका आजींनी शंका काढली की अंडं खाणं पहिल्या शीलात बसतं का. त्यांना सांगितलं, बाजारात मिळणारं पोल्ट्रीचं अंडं फळलेलं नसतं, त्यातून पिल्लू कधीच निघणार नसतं. तरीही ज्यांनी विचार करून सोडलंय, किंवा जे वर्षावासात पाळतात, त्यांच्याशी माझा वाद नाही. स्वतः ठरवून सोडणं आणि गिऱ्हाइकाच्या धाकाने लेकराच्या ताटातून काढणं, या एकच गोष्टी नव्हेत.

दुसरी बाजूही आहे. काही मुलांना अंड्याची खरोखर अॅलर्जी असते. थोड्याशा अंशानेही अंगावर गांधी उठतात, श्वास अडकू शकतो. काही जण धर्माने खात नाहीत. त्यांनी एगलेस केक मागितला तर तो शंभर टक्के एगलेसच मिळाला पाहिजे, त्यात फसवाफसवी नको. त्यासाठी केकची भांडी, साचे, फेटणी वेगळी ठेवावी, ओटा गरम पाण्याने आणि साबणाने धुवावा, आणि ज्या दिवशी अॅलर्जीच्या घरची ऑर्डर असेल त्या दिवशी घरात अंडं फोडू नये. आपलं काम स्वच्छ आणि खरं असावं. ज्या जणी विकतात त्यांनी अन्न सुरक्षेची नोंदणीही करून घ्यावी, घरगुती धंद्यालाही ती लागते. कच्चं मांस-अंडं आणि बाकी अन्न वेगळं ठेवा, हे स्वच्छतेला धरून आहे. घरातून ते हद्दपारच करा, हे स्वच्छतेचं कुठलंही पुस्तक सांगत नाही. डिप्लोमाच्या तीन वर्षांत तरी मला कुणी शिकवलं नाही.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बरोबर आहात. पण ते दोन शब्द काढले आणि ऑर्डर गेल्या, तर ओटीजीचा हप्ता कोण भरणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंडळ भरणार नाही, मी भरणार नाही. तिला शूर हो म्हणणं मला सोपं आहे, माझ्या नवऱ्याचा पगार दर महिन्याला येतो.

शेवटी तिचं तिनेच ठरवलं. जाहिरातीत '१०० टक्के एगलेस केक' ठेवलं, 'प्युअर व्हेज किचन' काढलं. केकची सगळी भांडी एका पत्र्याच्या पेटीत गेली, कुलूप लावून. कापलेले तुकडे आता घरात राहत नाहीत, ती त्यांचे छोटे डबे भरून कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विकते, चार पैसे सुटतात. एका गिऱ्हाइकाने त्या दोन शब्दांबद्दल विचारलं, हिने खरं सांगितलं, ते पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या एकीने विचारलं आणि म्हणाली, "केक एगलेस आहे ना, मग झालं." बाकीच्यांनी विचारलंच नाही.

लोहाच्या गोळ्या तिला सरकारी दवाखान्यातून सुरू करून दिल्यात. गोळीनंतर तासभर चहा नाही, एवढं पथ्य ती पाळते म्हणते. परवा तिच्याकडे गेले तेव्हा फ्रिजच्या दारात सहा अंडी होती आणि धाकटी बलक बाजूला काढून नुसतं पांढरं खात होती. तिचं वजन पुढच्या महिन्यात पुन्हा करायचं आहे.